न फुटलेला नारळ

सोलापुरातल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यातून टेंपो सुटताना कस्टमची कागदपत्रं करून देणारे एजंट चाकाशी स्वतः नारळ फोडतात. त्याआधी, आजूबाजूला कुणी नसलं तरी, आवाज उतरवून विचारतात, "शेठ, माल शेवटी लागणार कुटं?" मी म्हणतो, "दुबई." ते मान डोलावतात.

या वेळी दुबईच्या गिऱ्हाइकाने व्हॉल्व्हवरचं आमचं नाव घासून काढायला लावलं. त्या गुळगुळीत जागेवरून एजंटांनी बोट फिरवलं.

"ह्यो माल दुबईत थांबत न्हाय शेठ. बंदी असलेल्या देशात जातोय. दोघं बी आत जाऊ की."

नारळ माझ्या हातात ठेवून ते निघून गेले.

टेंपो अजून दारातच आहे. आत्ताच दुबईहून फोन आला. पहिलाच प्रश्न होता, "एजंट का निघून गेला?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं.