प्रकल्पातले ‘ते लोक’

मानवी हक्कांवर बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण एका सर्वनामावरून विद्यार्थ्याला फासावर चढवणारा माणूस एकच पाहिला. ते आमचे प्रकल्पाचे सर. त्यांच्याआधी आमचं सांगते, कारण भांडण तिथूनच आहे. आईचं माहेर दौलताबादच्या पलीकडचं एक खेडं. तिच्या लहानपणी आमच्या लोकांनी विहिरीला शिवायचं नाही. कुणी वरून घागरीत ओतेल तेव्हा पाणी. एका सकाळी वस्तीतल्या बाया पोहरा घेऊन थेट विहिरीवर चढल्या. दोर आईच्या खांद्यावर होता, आई दहा वर्षांची. पुढं ती लग्न होऊन मुकुंदवाडीत आली, शेंद्र्याच्या एका कंपनीच्या कँटीनात भांडी घासत राहिली आणि मला कॉलेजात घातलं. तोवर आमच्या घरातून दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तासापुरते सर, घंटा झाली की कुणीच नाहीत. हक्क शिकवणाऱ्या या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती, म्हणून कँटीनमागच्या कडुनिंबाच्या पारावर बसून ते प्रकल्प तपासायचे. जुन्या शहरातले; मराठी आमच्याहून चोख, पण राग आला की उर्दूत शिरायचे. फाईल हातात आली की आधी हुंगायचे. “झेरॉक्सची बू येतेय मियाँ, तीही मागच्या सालची!” आणि एकदा ती खरंच मागच्या सालची निघाली. पोरांनी मुखपृष्ठ बदललं होतं, पण आत आभार जुन्या पोरांच्याच आईवडिलांचे राहिले होते. सरांनी त्यांना त्या आईवडिलांच्या घरी जाऊन पाया पडून यायला सांगितलं. लाल पेन्सिल कानावर, दुसरी खिशात, तिसरी चष्म्याच्या डबीत. गटातला जो गप्प बसेल त्यालाच ते पहिला प्रश्न विचारायचे.

आमच्या गटात गप्प मी. विषय पाणवठ्याच्या हक्काची चळवळ. लिहिलं सगळं मी, नाव सगळ्यात शेवटी माझं. पहिलं नाव गटप्रमुखाचं. त्याचा काका संस्थेत होता आणि लॅपटॉप त्याचा होता, एवढं कर्तृत्व त्याला पुरलं.

सरांनी फाईल उघडली आणि अकरा ठिकाणी लाल गोल केले. ‘त्या लोकांना पाणी दिले जात नसे.’ ‘त्या लोकांच्या स्त्रिया.’

“हे ते लोक कोण?”

“सर, ते म्हणजे... तेच लोक,” गटप्रमुख म्हणाला.

“कौन लोग? चंद्रावरचे?” सरांनी पान उलटलं. “आणि मुलाखत कुणाची? इथं लिहिलंय, एक ग्रामीण महिला.”

“असेल कुणीतरी बाई, सर.” तो हसला. बाकीचे दोघंही हसले.

“आई आहे ती माझी,” मी म्हणाले.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “मग बेटा, स्वतःच्या आईला एक ग्रामीण महिला कुणी केलं?”

मीच केलं होतं. आमच्या लिहिण्यात ‘आम्ही’ आलं की वर्ग मान वळवून बघतो, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. सरांनी त्या तिघांना वीसपैकी बारा दिले आणि मला नऊ. “त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.” वरून म्हणाले, “आठ दिवसांत दुरुस्त करून आण, मग बघू.” एम.ए.च्या प्रवेशासाठी मला प्रथम वर्ग हवा होता आणि या नऊवर तो जाणार होता. त्या दिवशी मला सरांइतका नालायक माणूस अख्ख्या जिल्ह्यात दिसत नव्हता.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. “लई शिकलीस. आता मला बाईच म्हन.” मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “लिहून घे. दोर माझ्या खांद्यावर व्हता. त्यो पहिल्यांदा राह्यला लिहायचा.”

मी अकराही ठिकाणी ‘आम्हाला’, ‘आमच्या’ लिहिलं. मुलाखतीखाली आईचं पूर्ण नाव टाकलं. आठव्या दिवशी पारावर गेले तर पार रिकामा. एकाच गटात वेगवेगळे गुण देतात, अशी तक्रार गेली होती. सरांचे तास काढून घेतले होते. नोटीससुद्धा नाही, कारण तासाच्या माणसाला नोटीस लागत नाही. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी फाईल हातात तोलली आणि न उघडता चौघांना सारखे अठरा दिले. इतके कडू अठरा गुण मी दुसरे पाहिले नाहीत.

निकालानंतर सर मुकुंदवाडी स्टेशनवर भेटले, परभणीकडं कुठंतरी तासावर निघालेले. फाईल माझ्या पिशवीतच होती. बाकावर बसून त्यांनी ती आधी हुंगली, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी ‘पोहरा’चा चुकून ‘पुहरा’ झाला होता, तो दुरुस्त केला.

“किती देता सर?”

“आता मला हक्क नाही, बेटा.” पेन्सिल कानावर गेली. गाडी आली तेव्हा दारातून ओरडले, “आईला सलाम सांग. नाव घेऊन सांग!”

मी सांगितला. मी बी.ए. झाले, प्रथम वर्गात, घरातली पहिली. ती फाईल मी नंतर कॉलेजच्या ग्रंथालयात दिली; ती तिथं आहे आणि तिच्यात आईचं नाव पूर्ण लिहिलेलं आहे.