रिकामे कॅन

गच्ची आवरताना जुना निळा कॅन सापडला. झाकण काढलं, तर उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा तोच वास आला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहराच्या कडेला आमची कॉलनी नवीन, घरं झाली होती पण नळ आले नव्हते. बिडकीनजवळ सासऱ्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं. दर रविवारी मी आणि बायको, शोभा, मोटारसायकलवर दोन कॅन घेऊन जायचो. येताना भरलेले कॅन दोन्ही बाजूंना दोरीनं बांधले की गाडी शहाण्यासारखी चालायची. जाताना रिकामे कोण बांधत बसणार, म्हणून ते शोभा हातात घ्यायची. आणि नेमकं जातानाच, साठच्या पुढं गेलं की हँडल थरथरायचं. मेकॅनिककडं तीनदा गाडी नेली. "गाडीत काय बी नाय," म्हणायचा. मला पटायचं नाही.

त्या रविवारी शेजारून टँकर भरधाव गेला. वाऱ्याचा असा धक्का बसला की गाडी डांबर सोडून मुरमात उतरली. कशीबशी थांबवली आणि मागं न बघताच ओरडलो, "नीट धरून बसता येत नाय का तुला?"

"कशानं धरू?" शोभा म्हणाली.

वळून बघितलं. दोन्ही हात दोन बाजूंना ताणलेले, कॅनच्या कड्यांत बोटं पांढरी पडलेली. इतके रविवार वारा त्या कॅनांना ओढून हँडल हलवत होता, आणि मी मेकॅनिकला शिव्या देत होतो.

आता रस्ता रुंद झालाय. घरात नळ आलाय, पाणी येतं तेव्हा येतं. गाडीवर बसली की शोभा रिकामे हात मांडीवरच ठेवते.

"धर की मला," मी चिडून सांगतो.

"सवय नाय," ती म्हणते.