अर्धी पोळी बैलाची

भातकुलीकडच्या आमच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना जेवणाचं आमंत्रण देतात. खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबांची त्यापुढेही एक रीत होती. पुरणाची एकच पोळी मधोमध मोडायची. अर्धी बैलाच्या तोंडात, अर्धी आपल्या. पाहुण्याच्या पानात एक आणि आपल्या पानात दुसरं, असलं त्यांना चालत नसे.

मग बाबांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गूळसुद्धा बंद केला. आई आणि मी हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. दोन पोळे त्यांनी अख्खी पोळी बैलाला दिली आणि स्वतः मुकाट्याने भाजी-भाकर खाल्ली. यंदा पेरण्या आटोपल्यावर म्हणाले, "बैल इकून टाकतो. कामं तर ट्रॅक्टरच करते. आवतन देऊन पंगतीतून उठून जानारा मानूस मी नाई."

जोडीतला एक आधीच गेला होता. उरलेला म्हातारा. त्याला कोण आणि कशासाठी विकत घेईल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला रडूच आलं.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. गच्चीवर स्टीव्हिया लावलाय. त्यालाच गोड तुळस म्हणतात; पानं गोड, पण रक्तातली साखर वाढत नाही. एक रोप गावीही दिलं होतं, पण आमच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी त्याला सोसलं नाही. शेवटी गच्चीवरचीच पानं वाळवली, भुकटी केली, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण पोळी अर्धीच. मला तेवढीच हवी होती.

पोळ्याच्या दिवशी पुरण मी केलं. जन्मभर गुळाच्या अंदाजाने चाललेला हात माझा. चिमूटभर पाल्याने गोडी येते यावर विश्वास कसा बसावा? दिली मूठभर ढकलून. पुरण हिरवट झालं आणि गोडीच्या मागोमाग कडवटपणा आला. आई चाखून म्हणाली, "हे पुरन व्हय का मेथी?" दुसरं करायला वेळ नव्हता. तोरणाखालून परतलेला बैल दारात उभा होता.

बाबांनी पोळी मोडली. बैलाने हुंगली आणि मान फिरवली. बाबांनी पुन्हा धरली, त्याने पुन्हा फिरवली. मेल्या, तुझ्याच जिवासाठी चाललंय हे सगळं, असं मी मनात म्हटलं. आईने बैलासाठी आधीच वेगळी गुळाची पोळी केली होती, ती आणायला मी वळले.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी गोठ्यातून सरकीच्या ढेपेचा, म्हणजे पेंडीचा, चुरा आणला, बैलाच्या वाट्याच्या पोळीत गुंडाळला आणि पुढे केला. बैलाने ती खाल्ली आणि वर त्यांचा हातही चाटला.

"त्याचं गोड ढेप, मायं गोड पाला. पोयी एकच हाय."

मग आपली अर्धी त्यांनी तोंडात घातली. चेहरा वाकडा झाला, पण बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेवटच्या तुकड्यापर्यंत चावत राहिले. बैल विकायचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

बाबा तांब्याभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "पुढच्या पोयाले पाला कमी टाकजो."