शबानाची बेरीज

मेहकरच्या बसस्टँडसमोर शबानाचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी बाक. नवरा अकरम ट्रकवर गेला की महिना महिना घरी येत नसे, म्हणून तिनं हे सुरू केलं. मी त्या भागातला तलाठी. लोक पटवारीसाहेबच म्हणायचे. सात-आठ वर्षं माझे सगळे कागद तिच्याकडं, कारण माझं अक्षर तिच्याशिवाय तालुक्यात कुणाला लागत नसे.

तिचा एक तोरा होता. वर्डमध्ये लोक अर्ज लिहितात, दाखले लिहितात. शबाना वर्डच्या तक्त्यात बेरजा करायची. तळाच्या चौकोनात सूत्र टाकायचं, की वरचे आकडे मिळवून उत्तर हजर. ही विद्या तिनं मेन्यू उघडून उघडून स्वतःच शोधली होती. मी एकदा म्हटलं, बेरजेसाठी वेगळा प्रोग्राम असतो की.

ती फणकारली, "तो तुमच्या साहेबाले लखलाभ. माह्याकडं नमुना वर्डमधी येते, मंग बेरीजबी वर्डमधीच होईन."

त्यानंतर मी तिला शहाणपण शिकवायला गेलो नाही.

मग बोंडअळीचं साल आलं, दोन हजार सतरा. बीटी कपाशीला अळी लागत नाही हे ऐकून आमचे कान किटले होते, आणि दिवाळीनंतर कुठलंही बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. नुकसानीचे पंचनामे करायचे होते. मी आणि कोतवाल मोतीराम शेतोशेत फिरलो.

अंबूबाईच्या शेतात गेलो तर तिथं हरभरा. विधवा बाई, दोन एकरांची धनीण. सडकी कपाशी रोज बघवेना म्हणून तिनं ती उपटली होती आणि रान मोकळं करून हरभरा पेरला होता. उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग तिच्या घरामागं रचलाय, बोंडं अजून तशीच आहेत, असं मोतीराम म्हणाला. ऊन चढलं होतं, नऊ शेतं बाकी होती. उभं पीक दिसेल तेवढंच लिहायचं, अशी मी माझी सोय करून घेतली होती. मी पुढं निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोतीराम नावं वाचत गेला आणि शबाना टाइप करत गेली. त्रेचाळीस खातेदार. एकोणतिसावी अंबूबाई. शबानाचं बोट शून्यावर जाणार, तोच मोतीराम ओरडला, "ओ बाई, पूज्य नका लिहू! पंचनाम्यात नावापुढं पूज्य आलं तं शेताले लागते. कोरंच राहू द्या."

आमच्या गावात असं मानतात. मलाही ते कोरंच बरं वाटलं. शून्य लिहिलं तर मी काही ठरवलं असं झालं असतं.

यादी द्यायच्या शेवटच्या दिवशी मी सकाळी सही करायला गेलो. अंबूबाई बाकावर बसलेली. आपल्या नावापुढं काहीच नाही, हे तिला मोतीरामकडून कळलं होतं आणि ती पहिल्या बसनं आली होती. मी तिच्याकडं न बघता आधी बेरीज बघितली. तेरा हेक्टर वीस आर.

"शबाना, चाळीसच्या वर पाहिजे."

"तुमचा अंदाज असीन. मशीन चुकत नाही."

तरी तिनं कॅल्क्युलेटर घेतला. एकेचाळीस पंचावन्न. तिचा चेहरा उतरला. मग तिनं खालून वर आकडे मिळवायला घेतले आणि अंबूबाईच्या नावाशी येऊन थांबली.

"हे पाहा. कोरा चौकोन आला की याले वाटते, आकडे सरले. वरचे अठ्ठावीस जण यानं मोजलेच नाही."

वर तहसिलात कुणी त्रेचाळीस ओळी वाचत बसणार नव्हतं, तळाचा आकडाच पुढं जाणार होता. अठ्ठावीस जणांची भरपाई त्यात बुडाली असती.

"मग हातानं टाक बेरीज," मी म्हणालो.

"टाकते. पण वर कोणी मशीननं पुन्हा बेरीज केली, तं मावशीच्या कोऱ्या चौकोनाशी हेच होईन. तिथं काय लिहू, ते सांगा." मग ती अंबूबाईकडं वळली. "मावशी, पऱ्हाटी कुठं हाये तुमची?"

"घरामांगं हाये, बोंडासगट. साहेबाईले माहीत हाये."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. अकरा वाजले होते. यादी पाचपर्यंत द्यायची होती. गावाला जाऊन यायला दोन तास पुरले असते. ढिगातली चार बोंडं फोडली असती तर ऐंशी आर लिहिता आले असते. आज त्याची लाज वाटते. तेव्हा फक्त दगदग दिसली. मी घड्याळाकडं बघून म्हणालो, "आता कुठं वेळ आहे?"

अंबूबाई उठून उभी राहिली. "टाक वं माय पूज्य. माह्या एकटीपायी त्या साऱ्याइनं काऊन मरावं?"

शबानानं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. तिनं शून्य टाकलं, तळाच्या बेरजेवर जाऊन ती नव्यानं करायचं एफ नाइन बटण दाबलं. एकेचाळीस पंचावन्न आले. प्रिंट काढून तिनं माझ्यापुढं ठेवली, वर पेन ठेवला.

"करा सही, साहेब. बेरीज बरोबर हाये."

मी सही केली.