आत्यांचे गार पाय

पाणी तापतंय आणि भांड्यावर झाकण नाही, हे ह्यांना बघवत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण अजूनही स्वयंपाकघरातून जाता जाता ह्यांचा हात आपोआप झाकणाकडे जातो. "वाफ फुकट चाललीय," म्हणतात. मी म्हणते, "जाऊ द्या तिला. ती तरी सुटली ह्या घरातून."

हे मिरजगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, यंदाच निवृत्त झाले. घरात उन्हाचे आणि थंडीचे नियम ह्यांचेच. उन्हाळ्यात सकाळी नऊ वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि दिवस मावळला की सगळ्या सताड उघड्या. पाडव्याच्या आधी स्लॅबला चुना मारायचा. पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट लावायचं. थंडीत गच्चीवर काळा रंग दिलेलं पिंप असतं, त्यातलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं. सुट्टीच्या दिवशी आंघोळ दुपारीच. एरवी न्हाणीशेजारच्या चुलीवर तुरीच्या वाळल्या तुराट्या जाळून पाणी तापवायचं. गिझर आहे, पण तो पाहुण्यांसाठी. माझ्या माहेरची माणसं दोन दिवस राहिली की हे मीटरकडे बघून उसासे टाकतात.

कंजूष नाहीत हो. ह्यांचं लहानपण शेतात मोटारीच्या लाइटची वाट बघण्यात गेलं. ज्यानं लाइटची वाट बघितलीय त्याला ती वाया जाताना बघवत नाही, एवढंच. सुरुवातीला मी हसायची, मग चिडायची, आणि हळूहळू ह्यांच्यापेक्षा पक्की झाले. रिकाम्या खोलीत पंखा दिसला की मीच ओरडायची, "भिंतींना उकडतंय का?"

अशा घरात दोन वर्षांपूर्वी, ऐन पौषात, मला घाम फुटला.

पहिल्यांदा भाकरी करताना झालं, म्हणून वाटलं तव्याची धग लागली. दुसऱ्यांदा अंगणात ज्वारी निवडत होते. छातीतून भडका उठला, मानेवरून डोक्यात गेला, कानाच्या पाळ्या पेटल्या, आणि दोन-चार मिनिटांत पोलकं ओलंचिंब. मग तो घाम वाळताना हुडहुडी. दिवसातून सहा-सात वेळा. बाहेर माणसं मफलर गुंडाळून शेकोटीला बसलेली आणि मी उठून पंख्याचं बटण दाबायची.

मी लावायची आणि हे बंद करायचे. मी परत लावायची.

"लोकांनी कूलर झाकून ठेवलेत आणि तुला पंखा पाहिजे?" हे म्हणायचे.

"हो, पाहिजे."

"पण कशासाठी?"

काय सांगणार? घरात असं कुणी बोलत नाही. ह्यांचंच बघा. उष्णतेचं वहन शिकवायला हे चमच्याला मेणानं टाचण्या चिकटवायचे आणि दुसरं टोक मेणबत्तीवर धरायचे. एकेक टाचणी गळून पडायची, पोरं खूश. पण पुस्तकात माणसाच्या प्रजननाचा धडा आला की, "हा घरी वाचून या." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नगरला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवायला पाहिजे हे मला कळत होतं, पण मी जात नव्हते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चिडचिड एवढी वाढली होती की दूध उतू गेलं तरी रडू यायचं. आपल्याला वेड लागतंय, असं मनात पक्कं बसलं होतं.

आणि त्याच घरात एक माणूस थंडीनं कुडकुडत होतं. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. तेव्हा त्यांची ऐंशी उलटली होती, अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. आदल्या हिवाळ्यात थंडी छातीत भरली होती आणि पंधरा दिवस दवाखान्यात काढले होते. सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या हिवाळ्याला जपा. परत असं झालं तर ह्या वयात झेपायचं नाही." तो पुढचा हिवाळा हाच होता.

जपायचं कसं, तेच कळेना. आत्यांना खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी पाहिजे होती. ह्यांनी साफ नकार दिला. बंद खोलीत कोळशाचा धूर साचला तर माणूस झोपेतच जातं, आणि ह्यात हे बरोबरच होते. मग, नवल म्हणजे, ह्यांनीच विजेचा हीटर आणला. पण त्यानं आत्यांचा घसा कोरडा पडायचा आणि खोकल्याची उबळ थांबायची नाही. गरम पाण्याची पिशवी दिली तर त्यांच्या कागदासारख्या कातडीला फोड आला. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली, ती तासाभरात गार. त्यांचे पाय हातात घेतले की ओल्या फरशीवर हात ठेवल्यासारखं वाटायचं.

माघातल्या एका संध्याकाळी मी त्यांना खाटेवरच जेवायला वाढलं होतं. दूध-भाकरी कुस्करून चमच्यानं भरवत होते आणि भडका उठला. मी चमचा ठेवला आणि तडक जाऊन खिडकी उघडली. गार वारा भस्सकन आत आला.

"खिडकी लाव गं बाय, जीव घेतीस का माजा?" आत्या ओरडल्या.

"तुमचा कशाला घेऊ? माझाच चाललाय!" मी पण ओरडले. लगेच लाज वाटली. खिडकी लावून मी परत खाटेवर बसले, तर आत्यांनी आधाराला माझं मनगट धरलं आणि धरूनच राहिल्या.

"तव्यावानी तापलीस की. ताप हाय व्हय?"

"नाही."

आत्यांनी मग सरळ विचारलं, "पाळी गेली का?"

"सहा महिने झाले."

"मंग आसंच हुतं. मला तर लई झालतं. येड न्हाई लागत त्यानं, भिऊ नको."

मी वेडाचं काही बोललेच नव्हते. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. मी तिथंच खाटेवर बसून हमसून हमसून रडले. माझं रडणं चालू असतानाच आत्यांनी गोधडीतून दोन्ही पाय काढले, माझ्या पदराखाली सारले आणि पोटाला टेकवले. बर्फ नुसता. एरवी मी किंचाळले असते. पण त्या वेळी एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, की मी डोळेच मिटले.

"हालू नको," आत्या म्हणाल्या. "माजंबी बेस झालंय."

त्या दिवसापासून मी आत्यांच्या खाटेला खाट लावून तिथंच झोपायला लागले. त्यांचे पाय माझ्या पोटऱ्यांना आणि हात माझ्या मानेखाली. मला भडका आला की मीच त्यांचे हात ओढून गालावर घ्यायची. मी निवायची आणि त्या उबायच्या. हीटर परत खोक्यात गेला.

पण मला एक गोष्ट आतून खात होती. मी नवी नवरी होते तेव्हा आत्या पन्नाशीच्या होत्या. त्या पौषात भर दुपारी मळ्यातल्या हौदावर जाऊन डोक्यावरून पाणी ओतून घ्यायच्या आणि ओल्या लुगड्यानं घरी यायच्या. मध्येच चुलीपुढून उठून जायच्या, उगाच रडायच्या. मी वीस वर्षांची, बारावी पास, स्वतःला फार शहाणी समजणारी. मीच ह्यांना म्हणाले होते, "आत्यांना काहीतरी बाहेरचं झालंय." तो शब्द घरात फिरला. मामंजी त्यांना देवऋषाकडे घेऊन गेले. त्यानं काय करावं? लाल मिरच्यांची धुरी द्यायला सांगितली, अंगावर घोंगडं टाकून. आधीच आतून पेटलेली बाई, तिला वरून घोंगडं आणि मिरच्यांचा धूर! तीन अमावस्या केलं. घोंगड्याचं एक टोक माझ्या हातात होतं. त्यानंतर आत्या हौदावर गेल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. सगळे म्हणाले, गुण आला.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला कळायला तीस वर्षं लागली.

आठ-दहा दिवस मी हे गिळून होते. मग एकदा दुपारी त्यांच्या पायांना तेल चोळताना बोलून टाकलं. "आत्या, ते बाहेरचं म्हणून मीच बोलले होते तेव्हा. मीच पहिली."

"म्हाईत हाय मला."

माझा हात थांबला. "कधीपासून?"

"त्याच दिशी. तू सांगत हुतीस त्याला, तवा भितीमागंच हुते मी."

"मग एवढ्या वर्षांत एकदाही मला बोलला कशा नाहीत?"

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "मलाबी तसंच वाटलं हुतं. बाहेरचंच आसंल म्हनून." मग पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चोळ की. थांबलीस कशाला?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चोळत राहिले, आणि त्यांच्या पायावर माझी टिपं पडली ती तेलातच मुरली.

ह्यांना आत्यांनीच सांगितलं. शाळेतून आले तसं खाटेजवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मास्तर हायस ना? मंग बायकूला काय हुतंय त्ये जरा वाचून बघ. आन् तिचा पंखा बंद करू नको." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. संध्याकाळभर मोबाईल डोळ्यांजवळ धरून काहीतरी वाचत बसले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना एक छोटा टेबलफॅन घेऊन आले. माझ्या उशाशी स्टुलावर ठेवला, तोंड माझ्याकडे वळवलं, आणि आत्यांच्या बाजूला दोरी बांधून गोधडी आडवी टाकली, त्यांना वारा लागू नये म्हणून.

"खोलीभर वारा कशाला?" म्हणाले. "तुझ्यापुरता पुरे."

मला हसूच आलं. प्रेम करतानासुद्धा बचत!

जाताना दारात थांबले. पाठमोरेच म्हणाले, "मला कळायला पाहिजे होतं. आईच्या वेळीसुद्धा. मी तेव्हा बी.एस्सी. झालेलो होतो गं." नंतरच्या रविवारी हेच मला नगरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, काळजीचं काही नाही, वर्ष-दोन वर्षांत ओसरेल.

तो हिवाळा आत्यांना साधी शिंकही आली नाही. दुसराही तसाच गेला. सकाळी हे चहा घेऊन यायचे, आम्हा दोघींना एका गोधडीत गुरफटलेलं बघायचे आणि सुरू व्हायचे, "उष्णता नेहमी गरमाकडून गाराकडे..." मी म्हणायची, "चहा ठेवा आणि जा." आत्या म्हणायच्या, "सांगू दे की त्येला. शाळेत कोन ऐकतंय त्येचं." त्या दोन हिवाळ्यांत मी आत्यांशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोलले नसेन. खर्ड्याकडचं त्यांचं माहेर, त्यांची गेलेली पोरं, मामंजींचा राग, सगळं मला त्या खाटेवरच कळलं.

यंदा दिवाळीपासून माझे भडके कमी झाले. मार्गशीर्षात एकही आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटलात बघा." मी हो म्हणाले आणि घरी यायला एसटीत बसले. खिडकीतून गार वारा येत होता आणि मला स्वेटर घालावासा वाटत होता.

आत्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. ह्या पौषात त्यांचे पाय कधी नव्हे एवढे गार पडले. दोन वर्षं ज्या आगीला मी शिव्या घातल्या ती मी देवाकडे परत मागितली. म्हटलं, एक हिवाळा दे रे बाबा अजून, माझ्यासाठी नको, हिच्यापुरता. देव काही ऐकेना. मग मी आपलीच युक्ती काढली. जेवणं झाली की न्हाणीजवळच्या चुलीत तुराट्या घालायच्या आणि तिच्यापुढे बसायचं. पोटऱ्या, पोट, तळहात चांगले शेकून घ्यायचे, आणि ऊब उतरायच्या आत पळत येऊन आत्यांच्या गोधडीत शिरायचं. हे दार धरून उभे राहायचे, मी आत गेले की पटकन लावून घ्यायचे. तुराट्या किती जळाल्या ते त्यांनी कधी विचारलं नाही.

चार दिवस असं केलं. मला वाटलं, आत्यांना कळलं नाही. पाचव्या दिवशी मी गोधडीत शिरले तशी त्यांनी माझी वेणी नाकाला लावली.

"धुराचा वास येतोय. चुलीपुढं बसून येतीस व्हय?"

"नाही हो."

"लबाड." त्यांनी पायानं माझा पाय चाचपला. पळत येईपर्यंत माझी पावलं फरशीनं गार झाली होती. मी पाय मागे ओढून घेतला आणि म्हणाले, "थांबा जरा, परत शेकून येते." मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"गार का आसंना," आत्या म्हणाल्या. "तू हितंच नीज."