टर्बाइनवरच्या अक्षता

दादाने त्याच्या ग्लायडरची पाठ कापायला माझ्या हातात करवत दिली, तेव्हाच मी म्हणालो होतो की हे काम माझं नव्हे. मी जन्मभर बँकेत शिक्के मारले. घरात खिळा ठोकायचा तर भिंतीआधी माझं बोट सापडतं. पण थोरल्या भावापुढे कोणाचं चालतं? बोटीवर अख्खी इंजिनं उघडून पुन्हा जोडणारा हा माणूस आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी बशीत सांडायचा. हाताला कंप सुटला होता. तेव्हा तो पडवीत खुर्चीवर बसून सांगायचा आणि मी कापायचो.

ग्लायडर म्हणजे पोराटोरांचं खेळणं नव्हतं. पंख जोडले की ते पडवीत मावत नसे, बाहेर अंगणातल्या खळ्यात आणावं लागे. निवृत्तीनंतर दादाने ते स्वतः घडवलं होतं. सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठाराच्या, कडेवरून मी ते समुद्राकडे फेकायचो, कड्यावरून चढून येणाऱ्या वाऱ्यावर ते तरंगायचं आणि दादा रिमोटने हवं तसं फिरवायचा. उतरवणं मात्र नाजूक. इंजिन नसल्यामुळे कातळावर एकच संधी. चुकलं की चुराडा. म्हणून त्याला त्यात विजेवर चालणारं टर्बाइन बसवायचं होतं. नळकांड्यातला छोटा पंखा, पाठीतून वर येणारा.

"उतरताना हात हलला तर ते चालू करायचं, वर जायचं, पुन्हा यायचं," तो म्हणाला.

हात सुधारेल असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्याला ग्लायडर स्वतःच्या हाताने एकदा उडवून धड खाली उतरवायचं होतं, एवढंच.

पाठ कापली, टर्बाइन बसवलं. शेपूट जड झालं म्हणून बॅटऱ्या नाकात सरकवल्या आणि पंखांखाली एकेक बोट धरून तोल पाहिला. दर चुकीला मी बोटीवरच्या शिव्या खाल्ल्या. टर्बाइन पहिल्यांदा घोंघावलं तेव्हा शेजारचं कुत्रं शेपूट घालून पळालं आणि दादा किती तरी दिवसांनी मोठ्याने हसला. मला फार बरं वाटलं.

घरात नवी वस्तू आली की वहिनी तिला ओवाळते. फ्रिजला ओवाळलं, स्कूटरला ओवाळलं, मग टर्बाइननेच काय घोडं मारलं होतं? ते चालू असतानाच ती तबक घेऊन आली. जवळ जायला घाबरली, म्हणून लांबूनच अक्षता टाकल्या. टर्बाइनने त्या सगळ्या गिळल्या. आत कर्रकन आवाज झाला आणि दादाने बटण बंद केलं.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"काय नाय. पोट भरलं त्याचं," दादा म्हणाला.

ती आत गेल्यावर मी तांदूळ झटकून काढले. एका पात्याची कड उडाली होती. नवी पाती मागवली तर ती येईपर्यंत पाऊस लागला असता, आणि पावसात सड्यावर कोण जाणार? दिवाळीनंतर उडवू, असं मी म्हणालो. दादाने उजवा हात माझ्यासमोर धरला. नुसता धरला. दुसऱ्याच दिवशी त्याच मोडक्या पात्यानिशी मी ग्लायडर सड्यावर नेलं.

सड्यावर वहिनीही आली. मी ग्लायडर फेकलं, ते छान वर गेलं, आणि मग मला त्याचे पंख दिसले. ते थरथरत होते. वारा एकसारखा होता. ती थरथर दादाच्या बोटांची होती. गावात जो हात तो खिशात लपवून फिरायचा, तो आता आभाळात सगळ्यांदेखत हलत होता. मला बघवेना.

त्याने ते उतरवायला आणलं. तोल गेला. कातळावर आपटणार तोच त्याने टर्बाइन चालू केलं आणि ग्लायडर पुन्हा वर चढलं. कड्याबाहेर समुद्रावर पोचलं तेव्हा घरघर सुरू झाली, मग खटकन सगळं बंद. मोडक्या पात्याने दावा साधला होता. मी रिमोटसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला कुठे काय येत होतं?

दादाने दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवरून उचलले. बांधणी चांगली असली तर हात सोडल्यावर ग्लायडर आपोआप सावरतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. ते सावरलं. थरथर थांबली. नाक पश्चिमेला करून ते समुद्रावर सरळ निघालं.

"दादा, वळव ना," मी म्हणालो.

"हात लावला की थरथरतंय ते," तो म्हणाला. "आता बघ कसं जातंय."

ते लहान होत गेलं. वहिनी पदर सावरत आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

"किती सरळ चाललंय," ती म्हणाली. "माझ्या अक्षता कामी आल्या म्हणायच्या."

"आल्या ना," दादा म्हणाला. त्याने रिमोट माझ्याकडे दिला आणि दोन्ही हात खिशात घातले.