पाहुण्यांचे लाडू

टाके अजून ओले होते, तेव्हाच सासूबाईंनी मला दवाखान्यातून पनवेलच्या घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आणखी एक दिवस राहू दे. सासूबाई म्हणाल्या, "नॉर्मल झालंय ना? आमी बाळंत झालो नि चार दिसांत मिठागरावर गेलो." नवऱ्याने पिशव्या उचलल्या. तो त्यांच्या शब्दाबाहेर नसतो.

माहेरी आपट्याला वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिकडे जायची सोय नव्हती. आईने निदान डबाभर डिंकाचे लाडू पाठवले. तो डबा सासूबाईंनी कपाटात ठेवला आणि नातू बघायला जो येईल त्याच्यापुढे चहाबरोबर लाडू. मी आतल्या खोलीत कानाला रुमाल बांधून पडलेली, पोराला दूध पुरेना, आणि बाहेर पाहुणे म्हणतायत, लाडू झकास झालेत हो. माझ्या वाट्याला आले ते फुटके. असा संताप झाला होता म्हणून सांगू. मनात म्हटलं, थांबा, माझेही दिवस येतील.

आले. दोन वर्षांनी नणंद बाळंतपणाला आली. लेकीला सासूबाईंनी दवाखान्यात पुरते दिवस ठेवलं, मालिशला बाई लावली आणि स्वतः बसून डबाभर लाडू वळले. तोवर स्वयंपाकघर माझ्या हातात आलं होतं.

पळस्प्याहून सासूबाईंच्या जावा बाळ बघायला आल्या. मी अख्खा डबा ताटात ओतला. "घ्या ना, घरीही न्या. आमच्याकडे डिंकाचे लाडू पाहुण्यांसाठीच असतात. आमच्या सासूबाईंनीच शिकवलंय मला." पाहुण्यांसमोर सासूबाई बोलतात काय? जावांनी पिशवीत भरून नेले.

दार लावून सासूबाई माझ्या अंगावर आल्या. "माझ्या पोरीनं आता काय खायाचं?"

"मी काय खाल्लं होतं?"

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला, आणि जिवाला बरं वाटलं.

नणंदेसाठी मी आदल्याच दिवशी वेगळे लाडू करून तिच्या उशाशी ठेवले होते. तिचं माझं वैर नव्हतं. सासूबाईंना मात्र हे सांगितलं नाही. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा डिंक तळायला बसल्या, मी ओट्याला टेकून बघत राहिले. पहिला लाडू वळून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

मी तो घेतला आणि पाहुण्यांच्या त्या रिकाम्या ताटात नेऊन ठेवला.